उजनीच्या पाण्यावर सात महिने: १२० किलोहर्ट्झचा स्प्लिट-बीम इकोसाउंडर

सोलापुरातील आमच्या प्रयोगशाळेत हा इकोसाउंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि खोली टिपणारे यंत्र, येऊन सात महिने झाले. स्प्लिट-बीम म्हणजे त्याची ध्वनीची शलाका (झोत) चार भागांत विभागलेली असते. समुद्र-संशोधन जहाजांवर मत्स्यसाठ्याचा अंदाज घेण्यासाठी जे वापरतात, त्याच जातीचे हे उपकरण आम्ही टेंभुर्णीच्या पुढे, उजनीच्या जलाशयात, होडीच्या कडेला बांधून वापरतो. मासे तर पहिल्याच दिवशी स्पष्ट दिसले. मात्र त्या दिवशीच्या आकड्यांवर मी आज विश्वास ठेवणार नाही.

कारण पहिल्या दोन फेऱ्या आम्ही कॅलिब्रेशनविना, म्हणजे ठाऊक प्रतिध्वनीच्या वस्तूशी यंत्राचे माप न जुळवता, केल्या. तिसऱ्या वेळी मात्र त्यासाठी लागणारा टंगस्टन कार्बाइडचा गोळा सोबत नेला. व्यास ३८.१ मिलिमीटर, म्हणजे लिंबाएवढा, पण वजन चारशे ग्रॅमच्या वर. टॉवेलात गुंडाळून आणलेला हा गोळा साबणाच्या पाण्यात बुडवून, मग बोट न लावता जलाशयात सोडावा लागतो, कारण त्याला चिकटलेला एखादा बुडबुडाही प्रतिध्वनी बदलून टाकतो. तीन बाजूंनी बांधलेले तंगूस (नायलॉनचे बारीक दोरे) कमी-जास्त ओढून तो शलाकेच्या चारही भागांतून फिरवायचा. त्याचा प्रतिध्वनी उणे ४० डेसिबलच्या आसपास यायला हवा, हे गणिताने आधीच ठाऊक असते. यंत्राचा आकडा त्यापासून जितका ढळेल तितकी दुरुस्ती. १ डेसिबलची चूक राहिली तरी माशांच्या अंदाजात सुमारे २६ टक्क्यांचा फरक पडतो. होडी चालवणारे मामा पहाटेपासून सांगत होते, "मॅडम, वारं सुटायच्या आत उरका," आणि ते बरोबर होते. लाटा उठल्या की गोळा शलाकेत थांबत नाही.

त्याच सकाळी खरी चूक सापडली. तंगूस मोजून गोळा १० मीटरवर सोडला होता, पडद्यावर मात्र १०.२६ मीटर दिसत होते. यंत्र ध्वनीचा वेग पाण्याच्या क्षारतेवरून ठरवते आणि त्यावरून खोली काढते; सेटिंगमध्ये मात्र क्षारता समुद्राचीच, ३५ (हजारात ३५ भाग मीठ), राहिली होती. २३ अंशांच्या गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४९१ मीटर असतो, यंत्र १५३० धरून चालले होते. क्षारता शून्य केल्यावर आकडा जुळला. सोबतची पुस्तिका समुद्र गृहीत धरूनच लिहिलेली आहे, ही माझी मोठी तक्रार. तलाव-धरणांवर काम करणाऱ्यांसाठी तीत एक पानही नाही.

यंत्र सोडते त्या ध्वनीच्या प्रत्येक ठोक्याची, म्हणजे स्पंदनाची, लांबीही जपून निवडावी. १.०२४ मिलिसेकंद ठेवल्यास पाऊण मीटरपेक्षा कमी खोलीफरकाने पोहणारे दोन मासे एकच भासतात. चिलापीच्या दाट थव्यात ते परवडत नाही. आम्ही ०.२५६ वर आलो आणि त्या लांबीसाठी कॅलिब्रेशन पुन्हा केले, कारण एका लांबीची दुरुस्ती दुसरीला चालत नाही. गाळातून वर येणारे वायूचे बुडबुडे अजूनही माशांसारखे दिसतात. ते सरळ वर चढणाऱ्या तिरक्या रेषांवरून हाताने वगळावे लागतात आणि त्यात दिवस जातात.

कच्ची नोंद जतन होत असल्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांतील ध्वनीवेग नंतर सुधारता आला. त्या फेऱ्या मात्र लांब स्पंदनाच्या होत्या आणि त्या लांबीवर गोळा अजून फिरवलेला नाही. तो फिरवेपर्यंत त्यांतले मासे मी मोजणार नाही.