टोयोटा ८६ साठी हिवाळी टायर: परफॉर्मन्स विंटर की आइस टायर?

टोयोटा ८६, सुबारू बीआरझेड, माझ्दा एमएक्स-५ अशी बुटकी, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी कॅनडातल्या ओंटारिओत बाराही महिने चालवायची असेल, तर टायरच्या दुकानात तुमच्यापुढे दोन जातींचे हिवाळी टायर येतात. एक परफॉर्मन्स विंटर, म्हणजे मिशेलिनचा पायलट अल्पिन किंवा पिरेलीचा सोटोझेरो. दुसरा निव्वळ बर्फासाठी केलेला, ज्याला मी आइस टायर म्हणतो: ब्रिजस्टोनची ब्लिझॅक डब्ल्यूएस मालिका, मिशेलिनचा एक्स-आइस, नोकियनचा हक्कापेलिट्टा आर.

दोन्हींच्या बाजूला तीन शिखरं आणि हिमकण हे एकच चिन्ह असतं, म्हणून दोन्ही सारखेच असा समज होतो. पण ते चिन्ह मिळवताना दाबलेल्या बर्फावर टायर किती ओढ देतो एवढंच तपासतात. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागेल, हे त्यावरून कळत नाही. आणि टोरांटोच्या आसपास खरी परीक्षा तिथेच होते.

माझ्या ८६ वर मी आधी परफॉर्मन्स विंटर वापरले, मग आइस टायर. कोरड्या थंड रस्त्यावर परफॉर्मन्स विंटर फार छान वाटतात, हे आधी सांगतो. नक्षीचे ठोकळे घट्ट, चिरा कमी, बाजूची भिंत ताठ. हायवेवर चढताना गोल रॅम्पवर स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते. या टायरांवर बहुधा व्ही किंवा डब्ल्यू अक्षर असतं, म्हणजे ताशी २४० किंवा २७० किलोमीटरची क्षमता. जर्मनीच्या आउटोबानवर, म्हणजे बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नसलेल्या हायवेवर, त्याला अर्थ आहे. आपल्याकडे हायवेची मर्यादा १०० किंवा ११०, त्यामुळे त्या वेगाचा उपयोग नाही, पण त्यासाठी दिलेला ताठपणा तुम्हाला रोज हातात जाणवतो.

आइस टायरचं उलट आहे. रबर खूप मऊ, त्यात सूक्ष्म छिद्रं किंवा खरखरीत कण, आणि प्रत्येक ठोकळ्यावर असंख्य बारीक चिरा. उणे वीस अंशांतही ते रबर कडक होत नाही. चिरा भुसभुशीत बर्फ धरून ठेवतात आणि बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. किंमत मोजावी लागते ती मार्चमध्ये. बाहेर आठ-दहा अंश असताना त्याच रॅम्पवर स्टिअरिंग वळवलं की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी वळते, जणू टायर आणि रस्त्याच्या मध्ये गादी आहे. ज्याने ही गाडी स्टिअरिंगसाठीच घेतली, त्याला हे खुपतं. मला अजूनही खुपतं.

तरी मी आइस टायरकडे वळलो, ते फेब्रुवारीतल्या एका सिग्नलमुळे. आदल्या रात्री गोठणारा पाऊस पडून गेला होता. सिग्नलपाशी थांबून निघणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी तिथला बर्फ घासून अगदी गुळगुळीत केला होता, आणि रस्त्याला उजवीकडे थोडा उतार होता. हिरवा दिवा लागला, मी क्लच हळूच सोडला, तरी दोन्ही मागची चाकं जागेवर फिरली आणि गाडीचं ढुंगण सरळ फुटपाथकडे सरकलं. ८६ मध्ये लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा भाग. बर्फात तो मदत करतो, पण दोन्ही चाकं एकदम सुटली की गाडीला आडवं धरून ठेवायला मागे काहीच उरत नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच सिग्नलवर, तशाच सकाळी, आइस टायरवर ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं घसरू लागली की आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी सरळ निघाली.

दक्षिण ओंटारिओचं हवामान याला कारणीभूत आहे. पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. दिवसा वितळतं, रात्री गोठतं. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तोच सर्वांत निसरडा. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने जास्त पकड देतो.

म्हणून माझं मत असं: घरात ही एकच गाडी असेल आणि सकाळी सातला कसंही करून निघावंच लागत असेल, तर आइस टायर घ्या. टोरांटोच्या उत्तरेला बॅरी किंवा कॉलिंगवूडकडे जाणं-येणं असेल तर दुसरा विचारच करू नका. ह्युरॉन सरोवराच्या जॉर्जियन बेवरून येणारे बर्फाचे झोत हायवे ४०० काही मिनिटांत पांढरा करतात. घरात दुसरी गाडी असेल, वाईट दिवशी ८६ उभी ठेवता येत असेल आणि रोजचा रस्ता मीठ टाकून साफ केलेला हायवे ४०१ असेल, तर परफॉर्मन्स विंटर घेऊन हिवाळ्यातही गाडीची मजा घ्या.

मिशेलिनच्या क्रॉसक्लायमेट २ सारख्या ऑल-वेदर, म्हणजे बाराही महिने चालणाऱ्या टायरवरही तेच हिमकणाचं चिन्ह आहे, पण बर्फाच्या काचेवर तो आइस टायरची बरोबरी करत नाही. खिळ्यांचे टायर दक्षिण ओंटारिओत राहणाऱ्यांना वापरता येत नाहीत. क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते, ती मागून घ्या.

जात कुठलीही घ्या, चारही टायर घ्या. फक्त मागे घातले तर गाडी जागेवरून निघेल, पण वळणारही नाही आणि थांबणारही नाही. रिमचं माप शक्यतो एक इंच उतरवा: २१५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६. एकूण उंचीत एक टक्क्याचाच फरक पडतो, टायर अरुंद झाल्याने बर्फ कापतो, आणि भिंत जाड असल्याने मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाचते. ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक असलेल्या गाडीला मात्र १६ इंची रिम बसत नाही. शिवाय गाडीच्या पोटाखाली जेमतेम १३ सेंटीमीटर जागा आहे. बर्फ त्याहून जास्त साचला की पोट टेकतं, मग टायर कुठलाही असो.

नक्षी चार मिलिमीटरपर्यंत आली की तो टायर बर्फासाठी संपला, गोटा होईपर्यंत वाट बघू नका. आणि रिम बदलल्यावर नट १२० न्यूटन मीटरला आवळा, शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघा. हवा मात्र सकाळी, गाडी चालवण्याआधीच तपासा.