नीसचे गोटे की आंतीबची वाळू?

जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रासाठी एकच मोकळा दिवस हाताशी असेल, तर तो नीसमध्येच काढावा की लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या आंतीबला जावे, हा प्रश्न त्या भागात मुक्कामाला असलेल्या अनेकांना पडतो. मी दोन्ही ठिकाणी सहकुटुंब गेलो आहे, त्यामुळे माझे मत आमच्या गरजांवरून बनले आहे, हे आधीच सांगतो.

नीसची बाजू भक्कम आहे. हिवाळा घालवायला येणाऱ्या इंग्रजांनी 1820च्या दशकात समुद्रालगत जो पायरस्ता करवून घेतला, त्याचाच पुढे प्रोमनाद देझांग्ले हा समुद्रकाठचा रस्ता झाला, आणि 2021 मध्ये या शहराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पाण्याचा तो निळा रंग तर पाहतच राहावा असा आहे. किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे असल्यामुळे पाणी फारसे गढूळ होत नाही आणि काही पावलांतच ते खोल होते. ज्याला चांगले पोहता येते, त्याला हे वरदानच वाटेल.

मात्र माझा निर्णय ठरला तो याच गोट्यांमुळे. हाताच्या पंजाएवढे, गुळगुळीत, दुपारी तापलेले दगड तुडवत पाण्यापर्यंत जाणे एक वेळ जमते; खरी परीक्षा बाहेर येताना होते. उतार तीव्र, लाट परतताना पायाखालचे दगड खडखडत खाली ओढते, आणि माणूस एक पाऊल वर टाकतो तोवर अर्धे पाऊल मागे सरकतो. सत्तरीतल्या माझ्या आईचा एक हात मी आणि दुसरा माझ्या पत्नीने धरूनही ती शेवटचे काही फूट बसत बसतच वर आली आणि त्यानंतर दिवसभर पाण्याकडे फिरकली नाही. रबरी बुटांनी तळवे वाचतात, पण दगड घसरायचे थांबत नाहीत.

आंतीबच्या जुन्या गावाच्या तटबंदीतील कमानीतून बाहेर पडले की ला ग्रावेत नावाचा छोटा वालुकामय किनारा लागतो. बांधांच्या आडोशामुळे पाणी संथ आणि बरेच अंतर उथळ राहते. तिथे आई कोणाचाही हात न धरता कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच असते, त्यामुळे कोकणातल्यासारखी पाण्याची वेळ पाहावी लागत नाही. सकाळी कडेला अंथरलेला पंचा संध्याकाळीही तिथेच कोरडा मिळतो. पाणी नीसइतके नितळ नसते आणि अकरानंतर जागा मिळणे कठीण होते, हे मान्य करायला हवे.

शाकाहाऱ्यांसाठी नीसचा सोक्का, म्हणजे लाकडाच्या भट्टीत भाजलेले हरभऱ्याच्या पिठाचे धिरडेच, निश्चित उजवा आहे. पण तो संध्याकाळी नीसला परतल्यावरही खाता येतो. उलट, 1946 मध्ये चित्रकार पिकासोने जिथे काम केले ते आंतीबचे शातो ग्रिमाल्दी (आता पिकासो संग्रहालय असलेला जुना किल्ला) किनाऱ्यापासून काही मिनिटांवर असल्याने भर दुपारच्या उन्हाचे तास तिथे सावलीत घालवता येतात. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून शक्यतो दुसरा वार निवडावा आणि सकाळची लवकरची गाडी पकडावी.