माटोळीचा फोटो घरी छापायचा तर: इंकजेट की डाय-सब?

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूर्तीच्या वर फळं-पानं टांगून माटोळी बांधतात. तिचा फोटो मी इंकजेट (शाईचे थेंब फवारणारा) आणि डाय-सब (उष्णतेने रंग उतरवणारा) अशा दोन्ही प्रिंटरांवर छापून बघते. कवंडळाचा तांबडा, आंबाड्यांचा हिरवा आणि सुपारीच्या घोसामागची काळोखी सावली एकाच चौकटीत असते. प्रिंटरची परीक्षा घ्यायला आणखी काही लागत नाही.

शाईच्या टाक्यांचा इंकजेट घ्यायचा असेल तर सहा रंगांचाच घ्या, उदाहरणार्थ एप्सनचा एल 8050. त्यात नेहमीच्या चार शायांशिवाय फिकट निळी आणि फिकट गुलाबी शाई असते, त्यामुळे चेहऱ्यावर आणि आभाळात ठिपके दिसत नाहीत. सावलीतला हिरवा इथे सगळ्यात छान उघडतो. ए-फोरपर्यंत छापता येते आणि शाई स्वस्त पडते. पण हे यंत्र चालतं ठेवावं लागतं. महिनाभर बंद राहिलं की नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक भोकं, सुकतात, आणि ते साफ करण्यात बरीच शाई वाया जाते. त्यात आपला पावसाळा! जून ते सप्टेंबर फोंड्यात उघडा ठेवलेला ग्लॉसी कागद ओल धरतो, कडेला वळतो, रोलरमध्ये अडकतो. मी कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवते आणि लागेल तेवढेच बाहेर काढते.

डाय-सबमध्ये, म्हणजे कॅननच्या ‘सेल्फी’ (SELPHY) नावाच्या प्रिंटरसारख्या छोट्या यंत्रामध्ये, शाई ओली नसतेच. रिबनवरचा पिवळा, मग गुलाबी, मग निळा रंग उष्णतेने कागदात उतरतो आणि शेवटी वरून पारदर्शक थर बसतो. फोटो कोरडाच हातात येतो. सहा महिन्यांनी प्रिंटर काढला तरी नोझल सुकायची भीती नाही, कारण नोझलच नाहीत. मात्र आकार पोस्टकार्डाएवढाच, आणि फोटो फिका असो वा गडद, रिबन तेवढीच खर्च होते. धूळ मात्र जपा: कागदावर कण बसला की तिथे पांढरा ठिपका राहतो.

फाइल दोन्हीकडे सारखीच लागते. 4 बाय 6 इंचाला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात, ए-फोरला साधारण 2480 बाय 3508. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो दोन्हीला पुरतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो. भावाकडून मागवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. शिवाय मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 असतो आणि 4 बाय 6 चा कागद 3:2, म्हणून थोडा भाग कापला जातो. माटोळीच्या कडेचे नारळ आधी बघून घ्या.

आठवड्याला चार फोटो छापणार असाल तरच इंकजेट घ्या. चवथ, शिगमो, एखादं बारसं एवढंच असेल तर डाय-सब बरा, आणि भिंतीवरचा मोठा फोटो म्हापशाला किंवा मडगावला स्टुडिओतून करून आणा. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला. फोटो थेट काचेला टेकला तर पावसात चिकटतो, आणि मग सोडवताना वरचा थरच निघून येतो.