अलाइनरचे ९ महिने : २२ हजारांचं मशीन आणि रबराची सुरळी

मागच्या आठवड्यात व्हायब्रेशनचं मशीन बंद पडलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर ट्रीटमेंट संपल्यावरच लिहिणार होते. अलाइनर म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, दिवसाचे २२ तास घालायचे, ठरावीक दिवसांनी पुढचा ट्रे, वगैरे सगळ्यांना माहितीये, ते जास्त सांगत बसत नाही. हे त्याच्यासोबत जो लवाजमा येतो त्याबद्दल. सध्या २८ पैकी २३ व्या ट्रेवर आहे.

अटॅचमेंट माझ्या ११ आहेत, म्हणजे ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले, दाताच्याच रंगाचे कॉम्पोझिटचे उंचवटे. लांबून दिसत नाहीत हे खरंय, पण पहिले चार दिवस ओठ आतून सोलवटून निघतो. एक संक्रांतीच्या चिक्कीबरोबर पोटात गेला, तो परत चिकटवायचे वेगळे पैसे मागितले, तिथे पहिलं वाजलं. आयपीआरला, म्हणजे दात सरकायला जागा व्हावी म्हणून त्यांच्या कडा घासतात त्याला, उगाच घाबरले होते. दोन दातांच्या मधे पॉलिश पेपरसारखी पट्टी घालून घासतात, एका फटीत फार तर अर्धा मिलिमीटर, दुखत नाही पण तो करकर आवाज डोक्यात जातो. रबरबँड वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, रोज नवीन. ऑफिसात जांभई देताना तुटून गालाला आतून सटकन बसतो एवढंच.

आता मशीन. दातात धरून रोज २० मिनिटं बसायचं, ते थरथरतं, त्याने म्हणे हाड लवकर जुळवून घेतं आणि ट्रे १४ ऐवजी ७ दिवसांनी बदलता येतो. २२,००० दिले. तिसऱ्या महिन्यापर्यंत मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्याच, कारण ट्रे खरंच छान बसत होते. मग गावी गेले तेव्हा मशीन घरी राहिलं आणि वरचा दोन नंबरचा दात मागे पडला, ट्रेच्या टोकाशी चक्क फट दिसायला लागली. डॉक्टरांनी हातात दोन च्युई ठेवल्या. रबराची सुरळी, खडूच्या तुकड्याएवढी, जोडी १५० रुपयांना. प्रत्येक वेळी ट्रे घातला की ५-७ मिनिटं त्या दाताखाली धरून दाबून दाबून चावायची. नऊ दिवसांत फट गायब! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दात येणाऱ्या बाळासारखं काय चघळतेस?" आता बरोबरच आहे, दातच हलवतोय ना.

तेव्हा डोक्यात किडा वळवळला की मशीनने जे केलं ते थरथरण्यामुळे, की २० मिनिटं ते चावून धरल्यामुळे ट्रे नीट बसायचा म्हणून? शोधलं तर २०१८ ची एक छोटी ट्रायल सापडली, अलाइनरवाल्यांवरच केलेली. अर्ध्यांना खरं मशीन, अर्ध्यांना न थरथरणारं डमी, दोघांनी रोज २० मिनिटं धरायचं, आणि दोन्ही गटांत फरक नाही! काहीच न चावणारा गट त्यात नव्हता, म्हणून माझ्या शंकेचं उत्तर त्यात पूर्ण मिळत नाही, पण २२,००० आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

आणि आता ते चार्जच होत नाही. क्लिनिक म्हणतं कंपनीला फोन करा, कंपनी म्हणते बिल क्लिनिकच्या नावावर आहे त्यांनीच तक्रार टाकायला हवी, क्लिनिक म्हणतं वॉरंटी कार्ड आणा, आणि ते कार्ड मला कधी दिलंच नव्हतं. सहा फोन, दोन फेऱ्या, वर पार्किंगचे ८०. पाचव्या फोनला मीच विचारलं की बंद मशीन नुसतं धरून बसू का, पलीकडची मुलगी हसली बिचारी.

दहा दिवस मशीनशिवाय चाललंय, ट्रे बसतोय. एक आहे, नवीन ट्रेच्या पहिल्या रात्रीचा ठणका मशीन असताना कमी वाटायचा, तेवढं श्रेय देते. बावीस हजारांचं नाही, फार तर बाराशेचं.

पुढच्या महिन्यात रिफाइनमेंटचं, म्हणजे राहिलेलं सुधारायला जे जादा ट्रे करतात त्यांचं, स्कॅन आहे. कोटेशनमध्ये मशीन धरलंय का हे आधीच विचारून घेतलं, नाहीये. च्युईची तीन पाकिटं मात्र आत्ताच आणून ठेवलीत, एक कुत्र्याने पळवलं.