क्रूझला निघताय? कुठला अडॅप्टर न्यावा, कुठला कोल्हापुरातच ठेवावा

निकाल आधीच सांगून टाकू. दुकानात ‘ट्रॅव्हल अडॅप्टर’ म्हणून जो जाडजूड ठोकळा काढून दाखवतात, तो क्रूझच्या केबिनसाठी बहुतेकांना लागत नाही. लागतो तो बारीक गोल पिनांचा एक चांगला मल्टिपोर्ट चार्जर, लॅपटॉप नेणार असाल तर त्याची वेगळी वायर, आणि पाकिटात मावणारा चपट्या पिनांचा एक साधा कन्व्हर्टर. स्पाइक गार्ड तर घरीच ठेवायचा. का, ते पुढे येईल.

केबिनमध्ये नेमकं काय असतं ते आधी. बहुतेक मोठ्या जहाजांवर आरशाखालच्या टेबलाशी दोन प्रकारची सॉकेट असतात. एक अमेरिकन, दोन चपट्या फटींचं, ११० व्होल्टचं. दुसरं युरोपियन, वाटीसारखं खोलगट आणि आत दोन गोल भोकं असलेलं, २२० व्होल्टचं. याला शुको म्हणतात. पुरवठा ५० नव्हे, सहसा ६० हर्ट्झचा. आपला तीन जाड गोल पिनांचा टॉप, म्हणजे प्लग, या दोन्हींत जात नाही. नव्या जहाजांवर पलंगाशेजारी युएसबी पोर्ट मिळतात. जुन्यांवर मात्र सगळी मदार त्या टेबलावर. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीने २०२१ मध्ये मुंबईहून ज्या जहाजावर फेऱ्या सुरू केल्या ते एम्प्रेस १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून सेवेत आलं होतं. त्या काळात प्रवाशाकडे चार्ज करायला फारसं काही नसायचं, त्यामुळे त्या पिढीच्या जहाजांत सॉकेट कमीच. चार माणसांची केबिन, चार मोबाईल, दोन घड्याळं, एक कॅमेरा, आणि भोकं दोन. खरी अडचण ही आहे. पिनांचा आकार हा दुसरा प्रश्न.

आता त्या पिना. आपल्या ६ अँपिअरच्या टॉपची पिन ५.१ मिलिमीटर जाडीची, अर्थची ७.१. युरोपियन शुकोची पिन ४.८, आणि बिनअर्थिंगच्या युरोपियन टॉपची ४ मिलिमीटर. मोबाईलच्या चार्जरला आपल्याकडे बहुधा ही ४ मिलिमीटरचीच पिन येते. म्हणून तर घरच्या बोर्डात तो ढिला बसतो, वर वजन आलं की खाली लोंबतो. घरी जो चार्जर वैताग देतो तोच जहाजावर चपखल बसतो, आणि घरी घट्ट बसणारा जाड पिनांचा टॉप तिथे दारातच अडतो. शंका असेल तर जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर लावून बघा. कारखान्यांचं उद्यमनगर जवळ असताना तो वेगळा विकत घ्यायला नको.

पिन बारीक असली तरी एक खोच उरतेच. शुकोची वाटी सुमारे साडेसतरा मिलिमीटर खोल असते आणि चार्जरची पिन साधारण १९. चार्जरचं अंग रुंद असेल तर ते वाटीच्या काठावरच टेकतं, पिनेचं टोक जेमतेम दीड मिलिमीटर आत शिरतं, आणि लाइट लागत नाही किंवा चर्र आवाज येऊन स्पार्किंग होतं. म्हणून चार्जर घेताना पिना कुठून निघाल्यात ते बघा. त्या निमुळत्या मानेवरून निघाल्या असतील तर काम झालं. सपाट चौकोनी अंगावरूनच निघाल्या असतील तर तो चार्जर कितीही नामी कंपनीचा असो, केबिनसाठी बाद.

या कसोटीला उतरणारा, दोन युएसबी-सी आणि एक जुन्या पद्धतीचा युएसबी पोर्ट असलेला ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा) चार्जर हा आमचा पहिला पसंतीक्रम. राजारामपुरीतल्या मोबाईलच्या दुकानात मागताना नुसतं ‘टाइप सी’ म्हणू नका. पिनांच्या जगात टाइप सी म्हणजे ती युरोपियन गोल पिन, पण काउंटरवरचा पोरगा मोबाईलची केबल काढून देतो. खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पोर्टनिहाय वॅट लिहिलेले असतात, ते वाचा. ६५ वॅट हा एकट्या पोर्टचा आकडा असतो. दोन लावले की बहुतेक ठिकाणी ४५ आणि २० अशी वाटणी होते, तिसरा लावला की आणखी घसरते. रात्रभर तीन मोबाईल लावून झोपायचं असेल तर एवढं भरपूर आहे. त्याच्या जोडीला दोन मीटरची एक केबल घ्या, कारण टेबलापासून उशीपर्यंत एक मीटर पुरत नाही. वायरवाले डेस्कटॉप हब देखणे असतात, पण वायर दिसली की तपासणीत त्याला एक्स्टेंशन समजून बाजूला काढण्याची शक्यता राहते. भिंतीत थेट बसणारा बरा.

लॅपटॉपसाठी लोक अडॅप्टरवर अडॅप्टर चढवतात, ते कशाला? लॅपटॉपच्या विटेतून, म्हणजे चार्जरच्या डबीतून, भिंतीकडे जाणारी वायर वेगळी होते. विटेच्या तोंडाला तीन पाकळ्यांचं भोक असेल तर ते सी-५, कॅमेऱ्याच्या चार्जरला इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असेल तर सी-७. त्या तोंडाची, दुसऱ्या टोकाला युरोपियन टॉप असलेली वायर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, नसेल तर मागवून देतात. सी-५ च्या वायरीला अर्थिंगसह शुको टॉप येतो, आणि तोच घ्यावा. अर्थिंग तुटलं की लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवल्यावर मुंग्या येतात. त्या मुंग्या विटेतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे येतात. बिघाड नसला तरी सुखाचं नाही. अडॅप्टरपेक्षा स्वस्त, हलकी आणि कधी निसटून न पडणारी अशी ही वायर म्हणजे या सगळ्या खरेदीतला नाद खुळा सौदा.

चपट्या पिनांचा कन्व्हर्टर लक्ष्मीपुरीत इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात शंभराच्या आत येतो. तीन पिनांचा घेऊ नका, दोनच चपट्या पिनांचा घ्या. तो अर्थिंगच्या आणि बिनअर्थिंगच्या, दोन्ही तऱ्हेच्या अमेरिकन सॉकेटमध्ये बसतो. घेताना पत्ती बोटाने हलवून बघा. रिव्हेट ढिली असेल तर ती पुढे तापतेच. यावर वजनदार चार्जर लावला की जहाजाच्या बारीक थरथरीने तो तासाभरात सुटून खाली येतो, म्हणून यात घड्याळाचा, ट्रिमरचा, हलका चार्जर लावायचा. तो ११० व्होल्टवर चालेल का, याचं उत्तर त्याच्याच पाठीवर असतं. ‘इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर डोळे मिटून लावा. नुसतं २३० किंवा २२०-२४० असेल तर नाही. कन्व्हर्टर पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही, हे दुकानदारही कधी कधी विसरतो.

युनिव्हर्सल ठोकळ्याबद्दल थोडक्यात. चार देशांच्या पिना कळ सरकवून बाहेर येतात, बघायला छान. पण एका वेळी एकच पिन वापरता येते, म्हणजे सॉकेटची टंचाई आहे तशीच राहते. बहुतेकांत अर्थिंग पुढे जात नाही. स्वस्त मॉडेलची प्लॅस्टिकची खाच झिजली की सॉकेटमध्ये दाबताना पिनाच उलट्या आत जातात, आणि रुंद चौकोनी अंग शुकोच्या वाटीत उतरत नाही ते वेगळंच. सिंगापूर, मलेशिया किंवा दुबईत आधी हॉटेलचा मुक्काम असेल तर तिथे तीन आयताकृती पिनांचं ब्रिटिश सॉकेट असतं. तेवढ्यासाठीसुद्धा साधा ब्रिटिश कन्व्हर्टर पुरे. अर्थच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून शटर उघडायची आपली जुनी युक्ती तिथे करू नका.

आता स्पाइक गार्ड. घरी तो शहाणपणाचा, जहाजावर धोक्याचा, आणि याचं कारण अर्थिंगच्या रचनेत आहे. आपल्या घरात एक तार फेज आणि दुसरी न्यूट्रल असते. न्यूट्रल जमिनीशी जोडलेली. जहाजावर अनेकदा दोन्हीपैकी एकही तार जहाजाच्या लोखंडी अंगाला जोडलेली नसते. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटू शकतो. असं मुद्दाम करतात, म्हणजे कुठे एका तारेचं अंगाशी शॉर्ट झालं तरी सगळा पुरवठा बंद पडत नाही. समुद्रात ते फार महत्त्वाचं.

स्पाइक गार्डच्या आत व्हॅरिस्टर नावाची छोटी चकती असते. ती तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये बसवलेली असेल, आणि जहाजावर दुसरीकडे कुठे एका तारेचा अंगाशी स्पर्श झाला, तर उरलेल्या तारेचा अर्थिंगशी व्होल्टेज एकदम पूर्ण चढतो. चकती तो जास्तीचा ताण अर्थिंगमध्ये सोडू लागते आणि तापत जाते. त्यात स्वस्त पट्टीचं बटण एकच तार तोडतं. लाल दिवा विझतो, आपल्याला वाटतं बंद झालं, पण दुसऱ्या तारेवर लाइट असतेच. पट्टी पलंगाखाली, गालिच्यावर, चादरीच्या टोकाशी पडलेली असते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१३ मध्ये सर्ज प्रोटेक्टरबद्दल, म्हणजे आपल्या स्पाइक गार्डबद्दल, सुरक्षा इशारा काढला तो याच कारणाने. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने तर २०२४ मध्ये नियम आणखी कडक करून मल्टिप्लग आणि पॉवर स्ट्रिपलाच बंदी घातली. म्हणजे ‘आमच्यात सर्ज नाही, साधा बोर्ड आहे’ हे सांगूनही उपयोग नाही. चढताना बॅगा स्कॅन होतात. बोर्ड सापडला तर ठेवून घेतात आणि उतरताना देतात.

त्याच स्कॅनरमध्ये पाणी तापवायचा रॉड, इस्त्री आणि किटलीही अडकतात. उष्णता तयार करणारं बहुतेक काहीच चालत नाही, आणि चालवायला गेलात तरी फायदा नाही. आपला १,००० वॅटचा, २३० व्होल्टचा ड्रायर ११० वर लावला की व्होल्टेज निम्म्याहून कमी आणि ताकद चौथ्या हिश्श्यालाही कमी, साधारण २३० वॅट. केसांवर नुसती फुंकर. केबिनमध्ये बहुधा ड्रायर असतो, तोच वापरा. बाथरूममधल्या ‘फक्त शेव्हरसाठी’ लिहिलेल्या सॉकेटला मोबाईल लावू नका. त्याच्या मागे २० ते ५० व्होल्ट-अँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. फास्ट चार्जर लावला की तो ट्रिप होतो, मग दाढीही अर्धवट राहते.

झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागणाऱ्यांनी मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावं. पलंगापर्यंत पोहोचेल अशी वायर जहाजाकडूनच मिळते, डिस्टिल्ड वॉटरही सांगून ठेवता येतं. वाफेसाठीचा घरचा कॉम्प्रेसर नेब्युलायझर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो. त्याऐवजी युएसबीवर चालणारा मेश नेब्युलायझर डॉक्टरांना विचारून घ्यावा.

पॉवर बँक घेणार असाल तर २०,००० मिलिअँपिअर-तासांची पुरे, ती ७४ वॅट-तास भरते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंत परवानगीशिवाय चालते, तीही हातातल्याच बॅगेत. महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन बॅलार्ड पिअरवरून चढणाऱ्यांना विमानाचा हा प्रश्न नाही, पण रात्रीच्या गाडीत ती भरून घेण्याच्या भरवशावर राहू नये. बर्थजवळचा पॉइंट ढिला असला तर सकाळी सीएसएमटीला बोर्डिंगची कागदपत्रं असलेला मोबाईलच बंद पडलेला असेल.

चार्जर नवा घेतला तर निघण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याचे सगळे पोर्ट भरून तासभर चालवा. अंग कोमट लागणं ठीक. बोट ठेववत नसेल इतका तापला, किंवा प्लॅस्टिकचा वास आला, तर बिल घेऊन दुसऱ्याच दिवशी बदलून आणा.