दिवसाच्या सिस्टर हिरा, रात्रीचं मात्र विचारून घ्या

बाबांचं लिव्हर दारूने गेलंय. सिरॉसिस. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोटातलं पाणी काढून घरी पाठवलं. आम्ही दोघं भावंडं नोकरीवर, म्हणून डिचोलीच्या घरी या एजन्सीची दिवस-रात्र नर्सिंग सेवा लावली.

दिवसाच्या सिस्टरना पैकीच्या पैकी. आल्या आल्या वजन, पोटाचा घेर, पायांची सूज. मग बाबांना हात पुढे धरून पंजे वर उचलायला लावणार आणि ते फडफडतात का बघणार. शिवाय रोज कालनिर्णयच्या मागे सही. आम्हाला गंमत वाटायची. पण लिव्हर थकलं की रक्तात अमोनिया साचून मेंदूवर परिणाम होतो, आणि तो कधी कधी आधी अक्षरात दिसतो. बाबा पंचायतीत क्लार्क. सही अशी वळणदार की बघत राहावं.

मीठ कमी करायचं म्हणून किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), मिठातली तोरं (कैऱ्या) बंद. ताजी मासळी आणि अंडं मात्र चालू. "लिव्हरवाल्याला प्रोटीन नको" म्हणणाऱ्या आत्याला सिस्टरनीच गप्प केलं. झोपण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, हाही त्यांचाच हट्ट. आणि एवढ्या दिवसांत दारूवरून बाबांना एक टोमणा नाही. (नातेवाइकांनी ती कसर भरून काढली.)

आता रात्र. नर्स म्हणून पाठवलेली मुलगी निघाली अटेंडंट. लॅक्टुलोज हे आमच्याकडचं मुख्य औषध; दिवसाला दोन-तीनदा मऊ शौचाला व्हावं म्हणूनच ते देतात, अमोनिया त्यातून बाहेर पडतो. हिने "पोट बिघडलंय" म्हणून डोस परस्पर गाळले. वर बाबा रात्री जागे राहतात म्हणून झोपेची गोळी देऊया का, असं मलाच विचारलं! अशा पेशंटला ती गोळी थेट बेशुद्धीत नेऊ शकते. एका सकाळी सही चौकटीबाहेर घसरली आणि बाबा मला आईच्या नावाने हाक मारू लागले. सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. 108 बोलावून पुन्हा बांबोळी.

एजन्सीने फोनवर सॉरी म्हटलं, बिल मात्र पूर्ण घेतलं. दिवसाला पाच स्टार, रात्रीला एक. रात्री कोण येणार, तिचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, हे आधी लेखी घ्या.

बाबा आता घरी आहेत. सिस्टरनी माझ्या भावाला औषधाचं माप शिकवलंय, रात्र तोच बघतो. दिवसाची सेवा चालू ठेवली आहे.