पाण्याने धुतले जाणारे तैलरंग : काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग कारणं. पाण्यात मिसळणारे तैलरंग हे सोळा आणे तैलरंगच आहेत. त्यातली पाण्याची सोय ब्रश धुण्यासाठी आहे, असं समजून वापरलेत तर ते आवडतील. ट्यूबवरचं ‘पाण्यात मिसळणारे’ वाचून जलरंगासारखं सढळ पाणी घालत बसलात, तर थोड्याच दिवसांत त्या ट्यूब कुणाला तरी देऊन टाकाल.

माझे विषय कुठले, ते आधी सांगायला हवं, कारण रंग कसा वाटतो हे आपण काय काढतो यावर फार ठरतं. चष्मा लावलेलं घुबड, छत्रीखालचा ससा, कोट घातलेलं अस्वल असले गमतीदार प्राणी हा मुख्य उद्योग. अधूनमधून स्थिरचित्रं : लिंबू, काचेची बाटली, पितळी भांडं. आणि ऋतू बदलला की पानगळ, पाऊस, धुकं. कॅनव्हास लहान, वहीच्या पानाएवढे. रंगवते राहत्या खोलीतच, त्यामुळे साधा तैलरंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला लागणारं, उग्र वासाचं टर्पेंटाइन नको होतं. बिनवासाचं मिनरल स्पिरिट मिळतं, पण त्याचीही वाफ होतेच, फक्त नाकाला कळत नाही.

हे रंग पाणी कसं धरतात, ते थोडक्यात. साधा तैलरंग म्हणजे जवसाच्या किंवा करडईच्या तेलात घोटलेलं रंगद्रव्य. इथेही तेच तेल असतं, पण एक तर त्या तेलातच रासायनिक बदल केलेला असतो किंवा त्यात तेल-पाण्याची गट्टी जमवणारा घटक घातलेला असतो. वाळण्याची क्रिया मात्र जुनीच. पाणी उडून जातं आणि उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. एकदा नीट वाळलं की पाण्याने सुटत नाही. ‘खरे तैलरंग नव्हेत’ असं म्हणणाऱ्यांनी वाळलेल्या थरावर ओलं फडकं फिरवून पाहावं.

आता त्रासाकडे येते. पॅलेटवर रंगात पाणी घातलं की तो दुधाळ होतो, एखादी छटा फिका झालेला वाटतो. पाणी उडालं की परत गडद होतो. म्हणजे ओला असताना सशाच्या पोटाखालची सावली अगदी बरोबर जुळवलीत, तर सकाळी ती हवी त्याहून काळपट दिसणार. साध्या तैलरंगाचं मोठं सुख हेच की ओल्यात दिसतं तेच जवळपास वाळल्यावर राहतं. पाणी घातलं की हे सुख जातं. दुसरं म्हणजे पाणी अर्धवट उडालेलं असताना रंग चिकट होतो. ब्रश सरकायचा थांबतो, ओढत जातो, खालचा थर उचलायला लागतो. दमट दिवशी पाणी उडायला वेळ लागतो, तेव्हा हा चिकटपणा जास्तच रेंगाळतो.

यावर उपाय साधा आहे. पाणी फक्त पहिल्या पातळ थराला वापरायचं. कॅनव्हासवर जळका अंबर किंवा सिएना (दोन्ही मातकट तपकिरी रंग) पाण्यात पातळ करून आकार मांडायचा, छाया-प्रकाश ठरवायचा आणि तो थर पूर्ण वाळू द्यायचा. त्यानंतर पाणी बंद. पातळपणा हवा तर याच रंगांसाठी बनवलेलं जवसाचं तेल किंवा मिडियम (रंग पातळ करणारं तेलाचं मिश्रण) थेंबाथेंबाने घालायचं. खाली कमी तेल, वर जास्त तेल हा तैलचित्राचा जुना नियम इथेही चुकत नाही. हे पथ्य पाळायला लागल्यापासून छटा फसवत नाहीत आणि चिकटपणाही जवळजवळ गेला आहे.

प्राण्यांसाठी हे रंग मला सगळ्यात जास्त आवडले. गमतीदार प्राण्याचं गंमतपण टिकतं ते त्यातली एकच गोष्ट खोटी असते म्हणून. घुबडाने चष्मा लावला, एवढंच खोटं. बाकी पिसं, सावली, चष्म्याच्या काचेवरची चमक, फांदीवर पडणारं वजन, सगळं खरं हवं. सगळंच वेडंवाकडं केलं की ते व्यंगचित्र होतं. त्याचीही मजा असते, पण त्यासाठी तैलरंगाची गरज नाही. हा खरेपणा येतो कडांमधून. केसाळ अंग पार्श्वभूमीत विरघळतं, त्याची कड कुठे मऊ, कुठे करकरीत असते. रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने कड हलकेच पुसली की हा परिणाम मिळतो. ॲक्रिलिकमध्ये तेवढा वेळच मिळत नाही. इथे दुपारी लावलेली कड रात्री जेवण उरकून मऊ करता येते. पाणी न घातलेला रंग या बाबतीत साध्या तैलरंगापेक्षा तसूभर कमी नाही.

केस एकेक काढत बसू नका. आधी अंगाचे मोठे भाग प्रकाशात आणि सावलीत विभागायचे, मग केस कोणत्या दिशेने वाढतात त्या दिशेने फिल्बर्ट, म्हणजे गोलसर टोकाचा चपटा ब्रश फिरवायचा आणि शेवटी जिथे प्रकाश सावलीत वळतो तिथे आणि कडेवर मोजके केस दाखवायचे. बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा भरून घेतो. डोळ्यातली चमक प्रकाश ज्या बाजूने येतो त्याच बाजूला हवी आणि ती शुद्ध पांढरी नको. पांढऱ्यात किंचित निळा किंवा पिवळा घालून एकाच स्पर्शात ठेवायची आणि परत हात लावायचा नाही. छत्री धरलेला ससा खोटा वाटेल, पण त्याचा डोळा ओला दिसला तर माणूस थांबून बघतो.

मिशांपाशी मात्र हे रंग परीक्षा घेतात. मांजराची मिशी म्हणजे एका झोकात ओढलेली लांब, निमुळती रेघ. त्यासाठी रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश आणि शाईसारखा वाहता रंग लागतो. मोह होतो की दोन थेंब पाणी घालावं. पण खालचा थर तेलकट असतो, त्यावर पाणीदार रंग थेंबाथेंबात गोळा होतो आणि मिशी तुटक उमटते. मिडियमने पातळ केलेला रंग बरा, तरी साध्या तैलरंगात टर्पेंटाइनचा थेंब घालून जशी सळसळती रेघ येते तशी इथे येत नाही. यापेक्षा उलटा मार्ग चांगला : गाल ओला असतानाच ब्रशच्या मागच्या टोकाने रेघ खरवडायची, म्हणजे खालचा उजळ थर मिशी होऊन दिसतो. अर्थात त्यासाठी खालचा थर वाळलेला आणि उजळ असायला हवा, म्हणजे मिशांचा विचार अगदी सुरुवातीला करावा लागतो.

प्राणी आणि फळं एकाच हातात असणं काही नवीन नाही. शार्दां या फ्रेंच चित्रकाराला १७२८ मध्ये पॅरिसच्या शाही कला अकादमीत प्रवेश मिळाला तो प्राणी आणि फळं रंगवणारा म्हणूनच. याच माणसाने पुढे ईझलसमोर बसून चित्र काढणारं माकडही रंगवलं. त्या काळी विषयांच्या उतरंडीत हे दोन्ही विषय तळाशी धरले जात, इतिहास आणि पुराणं वरती. आज त्याच्या साध्या भांड्यांसमोर लोक तासन्‌तास उभे राहतात.

स्थिरचित्रात माझं मत जरा सावध आहे. जाड, अपारदर्शक कामाला हे रंग छान. लिंबाची खडबडीत साल पॅलेट नाइफने किंवा जाड रंगाने उत्तम येते, कारण ट्यूबमधला रंग लोण्यासारखा असतो आणि ब्रशची रेघ उमटते तशी राहते. पितळेवरच्या चमका, काचेच्या कडा, सगळं जमतं. अडचण ग्लेझमध्ये आहे. पारदर्शक थरावर थर चढवून सावलीला खोली आणायची तर रंग पाण्याने पातळ करून अजिबात चालत नाही. रंगद्रव्याला बांधून ठेवणारं तेल कमी पडतं आणि वाळल्यावर सावली निस्तेज, ठिपक्याठिपक्यांची दिसते. मिडियम घालून ग्लेझ येतं, पण ते साध्या तैलरंगापेक्षा किंचित धूसर वाटतं. माझ्या लहान चित्रांत ते खपून जातं. डच धाटणीच्या काळोख्या, काचेसारख्या नितळ सावल्या हाच ज्यांचा ध्यास असेल, त्यांनी साधे तैलरंग सोडू नयेत.

काही गडद भाग वाळल्यावर मातकट, बिनचमकीचे होतात, शेजारचे चकाकत राहतात. हे साध्या तैलरंगातही होतं, इथे थोडं जास्त. थर वाळल्यावर बोटाने अगदी नावापुरतं तेल चोळून जास्तीचं कापडाने टिपून घेतलं की खरी छटा परत दिसते आणि पुढचं काम सोपं होतं.

ऋतूंच्या चित्रांना या रंगांचा संथपणा मानवतो. धुकं म्हणजे निव्वळ कडा विरघळवणं आणि ते ओल्यावर ओलं केल्याशिवाय होत नाही. पावसाळी रस्त्यावरचं प्रतिबिंब आधी आडव्या पट्ट्यांत लावून मग कोरड्या चपट्या ब्रशने उभं खाली ओढायचं, की ओलेपणा आपोआप येतो. बर्फ रंगवायचा तर पांढरा कमी आणि निळसर-जांभळट सावल्या जास्त लागतात. मोनेने १८६८-६९ च्या हिवाळ्यात कुंपणाच्या फाटकावर बसलेला एक काळा-पांढरा पक्षी आणि भोवतीचा बर्फ रंगवला, त्यात बर्फावरच्या निळ्या सावल्याच सगळं काम करतात. पक्षी जेमतेम चार फटकाऱ्यांचा आहे. प्राणी, ऋतू आणि प्रकाश एकत्र कसे बसवायचे हे शिकायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

ऋतू पकडायचा तर वाळण्याच्या वेळेचा हिशेब ठेवावा लागतो. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला आठवडे लागतात. अंबर लवकर वाळतो, त्यातलं मँगनीज वाळण्याला हातभार लावतं. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे पिवळे-लाल निवांत वाळतात. पांढरा पिवळा पडू नये म्हणून बऱ्याचदा करडईच्या तेलात घोटलेला असतो, तोही सावकाश. त्यामुळे पानगळीचं चित्र, ज्यात कॅडमियमच कॅडमियम, ते पूर्ण होईपर्यंत झाडं उघडी पडलेली असतात. यात दु:ख मानायचं कारण नाही. यान फान हाउसम या डच चित्रकाराच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, कारण वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी फुलं एकाच कुंडीत मांडायची तर त्यांच्या फुलण्याची वाट पाहायलाच हवी.

ब्रशबद्दल : डुकराच्या केसांचे कडक ब्रश पाण्यात राहिले की ढिले पडतात, त्यांचा ताठपणा जातो. सिंथेटिक घ्या. धुणं हे या रंगांचं खरं बक्षीस. आधी कागदाने रंग नीट पुसायचा, मग कोमट पाणी आणि साबण, बस. तरीही कॅडमियम किंवा कोबाल्टचं पाणी सरळ मोरीत ओतू नका. भांड्यात गाळ बसू द्या, गाळ कागदात टिपून कचऱ्यात टाका. आणखी एक गोष्ट, जी पाण्याच्या नादात लोक विसरतात : तेल पुसलेली फडकी इथेही धोक्याचीच. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चोळामोळा करून ढीग केला तर ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

साध्या तैलरंगाच्या जुन्या ट्यूब असतील तर त्या यात मिसळता येतात. प्रमाण वाढलं की साबण-पाण्याने धुण्याची सोय मात्र कमी होत जाते. छटांची निवड साध्या तैलरंगांपेक्षा मर्यादित आहे, पण मला तरी त्याने अडलेलं नाही. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा संकेतांक वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत नावातलं द्रव्य नसून त्याची नक्कल आहे. ती नेहमीच वाईट असते असं नाही, पण मिश्रणात वेगळी वागते. पीआर ८३ हा जुना ॲलिझरिन क्रिमसन उजेडात विटतो, तो टाळा. क्विनॅक्रिडोन गटातला पीव्ही १९ घ्या. आणि झिंक पांढऱ्याच्या भरवशावर राहू नका, तेलात तो कालांतराने ठिसूळ होतो.

वॉर्निशबद्दल अजून बोलण्यासारखं काही नाही. जाड थरांना सहा महिने ते वर्ष द्यावं असा सर्वसाधारण सल्ला असतो आणि माझी बहुतेक चित्रं अजून त्या वाटेवर आहेत. तोवर ती उजेडात टांगून ठेवते. कपाटात बंद केली तर ताजं तेल पिवळसर पडतं.

नव्याने घेणार असाल तर मोठा संच घेऊ नका. टायटॅनियम पांढरा, अल्ट्रामरीन, जळका सिएना, एक पिवळा, एक थंड (निळसर झाकेचा) लाल एवढ्यात अस्वलही होतं आणि लिंबूही. अल्ट्रामरीन आणि जळका सिएना मिसळून जो काळा येतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो, आणि लवकर वाळतोही. पांढऱ्याची ट्यूब तेवढी मोठी घ्या, तीच सगळ्यात आधी संपते.